दोन सुटी काडतुसं

काउंटरच्या काचेवर बोटाच्या गाठीनं एकदा टक् करायचं आणि थांबायचं. मी वहीतून मान वर केली की विचारायचं, "आले का, बाबूजी?" मी म्हणायचो, "नाही." मग कंडक्टर माझ्या मागच्या रिकाम्या फळीकडे एकदा बघून घ्यायचे. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, पण डोळ्यांनीही खात्री करून घेण्याची सवय जात नव्हती. मग काचेवर दोनदा टक्-टक् करून ते पायऱ्या उतरायचे आणि बसस्टँडकडे चालू लागायचे.

एस.टी.त बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एकतीस वर्षं त्यांनी घाटंजीच्या गाड्यांवर कंडक्टर म्हणून काढली होती. निवृत्त होऊन खाकी उतरली तरी बोटाची ही गाठ काही निवृत्त झाली नाही. घरातही जेवण झालं की ते ताटाच्या काठावर दोनदा वाजवत, असं त्यांच्या बायकोनंच मला सांगितलं होतं.

आमचं दुकान यवतमाळात, बंदुकांचं. मी तिथला कारकून. आमच्या घरातले सगळे कचेरीत चिकटले, मी तेवढा राहिलो, म्हणून वडिलांनी ओळखीच्या शेठकडे वह्या लिहायला बसवलं. तीस वर्षं झाली. परवाना तपासायचा, नंबर लिहायचा, सही घ्यायची. लोकांना वाटतं मी मोठा बंदूकबाज असेन. खरं सांगायचं तर मी आजवर एकही बार काढलेला नाही. दिवाळीत सुतळी बॉम्ब लावायचा झाला तर आधी पळायची दिशा ठरवतो.

गेल्या काही वर्षांत माझं काम एका शब्दावर आलंय. नाही. काडतुसं नाहीत, कधी येतील माहीत नाही, आली तरी जुन्या भावात नाहीत. ज्या पैशात पूर्वी डबा यायचा त्यात आता मोजकी सुटी येतात, तीही फळीवर दिसली तर. जुने परवानेवाले कुरकुरतात, पण त्यांचं फार अडत नाही. वडिलांच्या वेळचा साठा त्यांच्या कपाटात असतो. हाल होतात नव्यांचे. कागद नवा, बंदूक नवी, हातही नवा, आणि घालायला काही नाही. सायकल घ्यावी आणि टायर मिळू नयेत, तशी त्यांची गत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पहिल्या दिवशी छाती काढून येतात आणि सहा महिन्यांत आवाज उतरतो. कंडक्टरांचा आवाज मात्र शेवटपर्यंत तसाच राहिला, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

पहिल्यांदा आले ते बायकोला घेऊन. पीक संरक्षणाचा परवाना, एकनळी बारा बोअर. परवान्यासाठी तीन-चार वर्षं तहसील, ठाणं, कलेक्टर ऑफिस असे हेलपाटे घातलेले. ती सगळी कहाणी त्यांनी थांबे सांगावेत तशी ओळीनं सांगितली आणि शेवटी म्हणाले, "यवतमाळ आलं. उतरलो." वहिनींनी बंदूक हातात न घेता नुसती वाकून पाहिली.

"एवढ्याशा नळीले डुक्कर भेते?" त्यांनी मला विचारलं.

"आवाजाला भितं," मी म्हणालो.

"मंग यायनं एवढी सालं कायले घालवली? आवाज तर यायचाबी लय मोठा हाये."

कंडक्टर हसले. त्यांनी पिशवीतून पेढे काढले. बंदुकीला पट्टा घ्या म्हटलं, तर तो त्यांनी घरूनच आणला होता. तिकिटांच्या जुन्या चामडी पिशवीचा पट्टा. एकतीस वर्षं खांद्यावर घासून मऊ झालेला. त्यांनी तो नळीला आणि दस्त्याला स्वतः बांधला, खांद्यावर टाकून पाहिला आणि बायकोकडे बघून म्हणाले, "वजन तेवढंच हाये."

मग काडतुसं मागितली. परवान्यात वर्षाची मर्यादा चांगली भरघोस लिहिलेली होती. माझ्याकडे त्या दिवशी होती दोन. भाव ऐकून त्यांनी ती हातात घेतली, बराच वेळ नुसती धरली. "सारी जिंदगी लोकायले म्हनत आलो, सुट्टे द्या, सुट्टे द्या," ते म्हणाले. "आता मलेच सुट्टे घ्याची पाळी आली." पैसे मोजून दिले. काडतुसं त्यांनी तिकिटाच्या पिशवीत, चिल्लर ठेवायच्या कप्प्यात टाकली आणि वरून बटण लावलं.

त्यांना बंदूक चालवता येत नव्हती. मी कशी उघडायची, कशी भरायची, हे रिकाम्या बंदुकीवर दाखवलं, कारण तेवढंच मला येतं. एक बार काढून सवय करा, खांद्याला धक्का बसतो, पहिल्यांदा माणूस दचकतो, असंही सांगितलं. ते म्हणाले, "शिकाले एक घातलं, तं कामाले एकच राह्यते, बाबूजी. तिसरं येऊ द्या. तिसऱ्यावर शिकतो."

म्हणून ते येत राहिले. महिन्या-दोन महिन्यांनी, कधी दवाखान्याचं काम काढून, कधी पेन्शनीचं. काचेवर टक्. "आले का, बाबूजी?" त्यांना डबा नको होता. एक तिसरं काडतूस हवं होतं, फोडून वाया घालवायला.

मध्येच निवडणूक लागायची आणि सगळ्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या. एकदा असेच जमा करून आले आणि म्हणाले, "माह्यापेक्षा ती पोलिसाईच्या घरी जास्त राह्यते. माहेरवाशीन झाली हो." मी हसलो. मग नेहमीसारखं नाही म्हणालो.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. डुकरं होतीच, तूर लोळवायची, हरभरा उकरायची. पण ती निम्मी गोष्ट. त्यांचं शेत घाटंजी तालुक्यात, जंगलाला लागून असलेल्या नाल्याकाठी. त्या पट्ट्यात दोन-तीन वर्षांपासून वाघ फिरू लागला होता. गाय नेली, गोऱ्हा नेला. मग एका सकाळी वेचणीला गेलेल्या बायांना तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेला दिसला. त्या दिवसापासून नाल्याकाठच्या शेतांत कापूस वेचायला बाया येईनात. कापूस बोंडात लोंबत राहिला. बायांचीही रोजी बुडाली. शेवटी त्यांच्यातल्याच एकीनं सुचवलं, कंडक्टरकडे बंदूक आहे, ते उभे राहत असतील तर आम्ही जातो.

वाघाला मारायची बातच नव्हती. तो गुन्हा आहे आणि ते कायद्याचे पक्के. अंगावर आला तर हवेत बार काढायचा, एवढंच. "हवेत तं मारता येईन ना," ते मला म्हणाले होते. "आभाय चुकत नाई."

मी त्यांना तिथं पाहिलंय. घाटंजीला एका लग्नाला गेलो होतो. सकाळचा वेळ मोकळा होता, म्हणून रिक्षा करून त्यांच्या गावी गेलो. थंडीचे दिवस. धुऱ्यावर पिण्याच्या पाण्याचा निळा ड्रम ठेवलेला. त्याच्याशेजारी हे उभे, डोक्याला मफलर, खांद्यावर तिकिटाच्या पट्ट्याला बंदूक. बाया एकेक करून शेतात उतरत होत्या आणि हे बोट नाचवत मोजत होते. मोजून झाल्यावर मोठ्यानं म्हणाले, "अठरा चढल्या." मग ड्रमवर दोनदा टक्-टक्. बाया सरींना लागल्या.

"हे रोजचंच हाये यायचं," कमरेला ओटी बांधत एक म्हातारी मला म्हणाली. "संध्याकाळी परत मोजते. एखांदी मांगं राह्यली तं सोडत नाई, सगळ्याईले उभं ठेवते. म्हनते, चढले तेवढे उतरले पायजे."

"बंदूक आहे म्हणून धीर येत असेल," मी म्हणालो.

"बंदूक आमी कवा वाजतानी पाह्यली नाई, भाऊ. वाजन म्हनूनच येतो." आणि ती वाकून वेचू लागली.

कंडक्टरांनी मला त्याच ड्रममधलं पाणी दिलं. बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाबूजी, यायले नका सांगू, म्या अजून एकबी बार काढला नाई ते." मी म्हटलं, नाही सांगत. तेव्हापासून ही गोष्ट आम्हा दोघांतच राहिली. परतीच्या वाटेवर मी स्वतःला बजावलं की पुढचा माल आला की पहिलं काडतूस यांचं. असं मी बऱ्याच जणांच्या बाबतीत ठरवतो. त्यांच्या बाबतीत मनापासून ठरवलं होतं.

पुढचा पावसाळा लांबला. दसऱ्याच्या आधी एक छोटा डबा आला, दहाचा. शेठनी तो आल्या पावली तिजोरीत ठेवला. एक जुनं, वजनदार गिऱ्हाईक होतं. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की वाड्यासमोर पाच बार काढायची त्यांच्या घरची रीत. शेठ म्हणाले, "यातलं एकही काढायचं नाही." मी आवकेच्या वहीत नोंद केली. दुसरं काय करणार?

त्याच आठवड्यात काचेवर टक् झालं.

"आले का, बाबूजी?"

"नाही," मी म्हणालो. तोंडाला वळण पडलेलं असतं.

या वेळी त्यांनी लगेच दोनदा टकटक केली नाही. पिशवीच्या कप्प्याचं बटण काढलं आणि दोन्ही काडतुसं काचेवर ठेवली. "हे पाह्यता का जरा? औंदा ओल लय होती. बरोबर हायेत ना?"

काडतुसं चकचकत होती. मी एक उचललं तर ते बोटांतून निसटलं. वास घेतला. एरंडेल.

"हे काय लावलंय?"

"घरच्यांनी," ते कौतुकानं म्हणाले. "तुरीच्या डायीले लावते ना पावसाया लागाच्या आंधी, कीड नाई लागाव म्हून, तसंच. डाय चोयता चोयता यायलेबी चोयलं. म्हनली, एवढे महाग हायेत, बुरशी येईन."

पहिल्यांदा मला हसू आलं. मग ते गेलं. काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक टिकली असते. घोडा तिच्यावर पडतो तेव्हा ठिणगी होते. तेल त्या टिकलीत उतरलं की ती मेली. दुकानात तीस वर्षं बसून एवढं मला कळतं. कडांमधून तेल आत गेलेलं दिसत होतं. चार महिने मुरलेलं तेल.

आता मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय आणि मलाही कळत होतं. ही गेली, असं सांगायचं. मग ते विचारणार, दुसरे हायेत का? तिजोरी माझ्या पाठीशी, किल्ली माझ्या खिशात. पुन्हा नाही म्हणायचं. म्हणजे या माणसाच्या हातात रिकामी बंदूक द्यायची, तीही सांगूनसवरून. नाहीतर शेठशी भांडायचं. माझं वय अठ्ठावन्न आणि सकाळपासून मी अकरा जणांना नाही म्हटलेलं होतं. मी फडक्यानं दोन्ही काडतुसं पुसली. कदाचित चालतीलही, असं स्वतःशी म्हणालो. ती त्यांच्यासमोर सरकवली.

"चालतील," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एवढा उजळला की मी वही उघडून बसलो. काचेवर टक्-टक् झालं आणि ते गेले.

दसरा झाला. जुनं गिऱ्हाईक पाच घेऊन गेलं, पाच डब्यात उरली. शेठ म्हणाले, असू दे, पुढं लागतील. बार वाजल्याचं मी घरून ऐकलं नाही, पण कुणीतरी सांगितलं की यंदा छान वाजले.

डिसेंबरात ते आले. दुपारची वेळ होती, शेठ जेवायला गेले होते. टक्. मी मान वर केली. खांद्यावर बंदूक होती. एरवी कधी दुकानात आणली नव्हती. त्यांनी काही विचारलं नाही. पिशवीतून दोन काडतुसं काढून आडवी ठेवली, बूड माझ्याकडे. दोन्हींच्या टिकलीला घोड्याचा खड्डा पडलेला. पुढून दोन्ही बंद, जशीच्या तशी.

"दाबलं," ते म्हणाले. "खट् झालं. उघडलं, दुसरं घातलं. दाबलं. खट्."

मी बसा म्हणालो. ते उभेच राहिले.

"नाल्यातून वर आला तो. तुरीच्या वयीत होता म्हनते, सकायपासून. बाया पन्नासक पावलावर. एकीनं पाह्यलं अन् बोंब मारली."

"मग?"

"मंग काय. खिशात शिट्टी होती गाडीवरची. ते वाजवली. वाजवतच राह्यलो, दम संपला तरी."

"गेला?"

"उभा राह्यला. माह्याकडे पाह्यलं. मंग गेला." मग म्हणाले, "त्याचं मन झालं म्हून गेला, बाबूजी. माह्यानं नाई गेला."

"बाया?"

"अठरा चढल्या, अठरा उतरल्या. पन मोजता मोजता चुकलो. तीनदा मोजल्या."

मी उठलो. किल्ली काढली, तिजोरी उघडली आणि त्या डब्यातली दोन काडतुसं आणून त्यांच्यासमोर ठेवली. शेठ काय म्हणतील याचा त्या क्षणी विचार केला नाही. उशिरा येणाऱ्या शहाणपणात तेवढं एक बरं असतं, भीती वाटायला वेळ नसतो.

त्यांनी काडतुसांना हात लावला नाही. उघड्या तिजोरीतल्या डब्याकडे पाहिलं. मग काउंटरवर उघड्या पडलेल्या आवकेच्या वहीकडे. त्यानंतर दुसरा काही माल आलाच नव्हता, त्यामुळे पान तेच होतं. कंडक्टर माणूस उलटं अक्षरही सरळ वाचतो, त्यांची सारी हयात लोकांच्या हातातली तिकिटं समोरून वाचण्यात गेलेली. दसऱ्याच्या आधीची तारीख, दहा नग, माझं अक्षर.

मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"जमा करून घ्या," त्यांनी खांद्यावरची बंदूक उतरवून काचेवर ठेवली. "पावती द्या."

"घेऊन जा हो ही दोन. पैसे नंतर द्या. नका देऊ. आता तरी—"

"नाई, बाबूजी. म्या त्यायले वरीसभर सांगतलं, बसा बिनधास्त, म्या हावो. गाडीले ब्रेक नव्हता. उद्या जाऊन सांगून देतो त्यायले सारं."

मी पावती लिहून दिली. त्यांनी पावतीची घडी केली, पिशवीच्या त्याच कप्प्यात ठेवली, बटण लावलं. पट्टा सोडून घ्या, म्हणालो, तर म्हणाले, राहू द्या तिलेच. पायऱ्या उतरले. मी कान देऊन बसलो होतो, पण काचेवर टकटक झाली नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. शेठ दोन काडतुसांवरून विचारतील म्हणून मी वाट पाहत होतो, पण ती डब्यात परत गेली होती, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. बंदूक मागच्या खोलीत घोडीवर लावली, गळ्यात त्यांच्या नावाची चिठ्ठी. महिन्यातून एकदा मी तिची नळी पुसत असे. त्या कामासाठी दुकानात वेगळा माणूस आहे, तरी ही एक मीच पुसत असे.

उन्हाळ्यात घाटंजीकडचं एक गिऱ्हाईक बोलता बोलता सांगून गेलं की कंडक्टर गेले. बी.पी. वाढलं, पहाटे अंथरुणातच. मी पोहोचवायला नव्हतो, भेटायलाही गेलो नाही. तोंड नव्हतं.

पण कागदाचं काम कुणाला सुटत नाही. परवानेवाला गेला की बंदुकीचं काय करायचं, याबद्दल वारसाचा अर्ज लागतो. शेठ म्हणाले टपालानं पाठवू. मी म्हणालो, मी जाऊन येतो. कापसाचे दिवस पुन्हा सुरू झाले होते. त्याच आठवड्यात माल आला होता, तोही बऱ्यापैकी. भाव आणखी वर, पण फळी भरलेली. निघताना मी त्या फळीकडे पाहिलंसुद्धा नाही.

वहिनी अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. ओळखलं. "या, भाऊ," म्हणाल्या. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी यांचा खाकीतला फोटो, छातीवर बिल्ला. मी अर्ज पुढे केला. त्यांनी जपून सही केली. बंदूक नको, विकली जाईल तेव्हा जाईल, म्हणाल्या.

मग सुपातली तूर हलवत विचारलं, "भाऊ, एक सांगा. तेलानं बिघडले का ते? म्या लावलं होतं."

"ते काय म्हणाले होते तुम्हाला?"

"म्हनत, मालच जुना होता, तुह्या तेलाचा काई दोष नाई. पन ते असेच म्हनत. तुमी खरं सांगा."

मी खरं सांगितलं. तेलानंच बिघडली. आणि ते मला दिसलं होतं, मी चालतील म्हणालो, आणि तिजोरीत डबा होता. सगळं एका दमात सांगितलं. तीस वर्षांत एवढं लांब वाक्य मी कुणाशी बोललो नसेन.

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"त्यायले ठाव होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "बंदूक जमा करून आले त्या दिवशीच सांगतलं मले. म्या चिडली. तं म्हनले, थकलेला मानूस हाये तो. सालोसाल नाई-नाई म्हनून तोंड दुखलं असन त्याचं. एक डाव हो म्हनला." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "मंग आता काय करता. थोडं माह्यं, थोडं तुमचं. च्या घ्या."

चहा प्यालो. बायांचं विचारलं. कंडक्टरांनी त्या सगळ्यांना खरं सांगून टाकलं, तेव्हा दोन दिवस कुणी आलं नाही म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी आल्या. "बसून कसं भागन? रोजी हाये." हे मग बंदुकीशिवायच उभे राहायचे, काठी आणि शिट्टी घेऊन, हंगाम संपेपर्यंत. आणि आता? आता कुणी नाही. बाया येतातच.

मी निघालो तो धुऱ्यावरून, गाडीच्या रस्त्याला तोच जवळ. निळा ड्रम होता. शेतात बाया वेचत होत्या, विखुरलेल्या. मला सवय नाही, तरी मोजल्या. अठरा. पुन्हा मोजल्या. गाडी यायला अर्धा तास होता. मी ड्रमाशेजारी उभा राहिलो. गाडी आली, फाट्यावर थांबली, घंटी वाजली, गेली. पुढची संध्याकाळी होती. असू दे म्हटलं.

ऊन उतरलं तशा बाया ओट्या सावरत एकेक करून धुऱ्यावर येऊ लागल्या. मला पाहून त्यांना नवल वाटलं असेल, कुणी विचारलं नाही. मी तोंडातल्या तोंडात मोजत होतो. सतरा झाल्या. नाल्याकडे पाहत राहिलो. तुरीच्या वळीआडून एक जण अजून येत होती, शेवटच्या सरीची बोंडं खुडत, सावकाश. तीच म्हातारी. ती वर आली.

"अठरा," मी म्हणालो आणि ड्रमवर बोटाच्या गाठीनं दोनदा ठोकलं.

पुढं गेलेल्या बाया जागच्या जागी थांबल्या. वळून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हातारीनं ओटीचं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि त्या चालू लागल्या.